भिंतीला हात

व्हर्ना हॉलिकला पहिल्यांदा राग आला तो साखळीचा. पोरांच्या खेळण्यातली वाटावी अशी पिवळी प्लास्टिकची साखळी मॉलच्या रुंद वाटेवर आडवी टाकली होती. तिला पाटी लटकत होती: पुढे जाण्यास मनाई.

तिच्या बाजूला तिचा नवरा एमिल काठीवर भार टाकून थांबला. अर्धांगाच्या झटक्यानंतर आज तो प्रथमच पूर्ण फेरी मारायला निघाला होता. बाहेर ओहायोचा जानेवारी होता, रस्त्यांवर काचेसारखा बर्फ. गावात सपाट जमिनीवर, उबेत चालायला हीच एक जागा उरली होती. दुकानं एकामागून एक उठून गेली, कारंजं कोरडं पडलं, तरी सकाळी चालणारे म्हातारे यायचे थांबले नव्हते. त्यांचा नियम एकच होता. टोकाच्या मोठ्या दुकानाच्या भिंतीला हात लावायचा. नाही लागला तर फेरी धरायची नाही.

"इथूनच वळू या," व्हर्ना म्हणाली.

"मग ती फेरी नव्हे."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

आज अर्ध्यातून परतला तर तो खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हातांचे व्यायाम त्याने असेच सोडले होते.

पहारेकरी डेल आला. याच मॉलमध्ये तो पूर्वी बूट विकायचा. एमिलच्या पायात त्यानेच कितीदा बूट चढवले होते.

"बाई, तिकडे छत गळतंय. मालकांचा हुकूम आहे."

"छत गळतंय म्हणून मी उन्हाळ्यापासून कंठशोष करतेय. तेव्हा बादली ठेवलीत. आता बादली उपसायचा कंटाळा आला म्हणून माणसं हाकलताय?"

"छत काय मी बांधलं?"

"मालक कुठे आहेत?"

"कुणी पाहिलेत? फोनवर दर वेळी नवीनच कुणीतरी असतं."

व्हर्नाने वाकून फरशी पाहिली. "डावीकडे ओल आहे. उजवी बाजू कोरडी आहे."

"एमिल घसरून पडले तर माझी नोकरी जाईल."

"अरे, अख्खा मॉल चाललाय मातीत, तू नोकरी कसली घेऊन बसलास!"

डेलचा चेहरा उतरला. आपलं चुकलं हे तिला कळलं, पण राग ओसरेना. तिने साखळी काढून खाली टाकली.

"पोलिसांना बोलवावं लागेल, बाई."

"बोलव. यांची फेरी होईतो पोलीस जेवून, वामकुक्षी घेऊन येतील."

"ऐकू येतंय मला," एमिल म्हणाला आणि निघाला.

डेलने फोन काढलाच नाही. तो ओल्या बाजूने एमिलच्या बरोबरीने चालू लागला. "तुमच्यासाठी नाही," तो व्हर्नाला तोडून म्हणाला. "यांच्यासाठी."

भिंतीपाशी वेगळीच अडचण उभी राहिली. एमिलच्या चांगल्या हातात काठी होती आणि दुसरा हात उचलत नव्हता. व्हर्ना पुढे झाली.

"मध्ये येऊ नकोस!" तो खेकसला. मग खांदा भिंतीला टेकवून तो हळूहळू कलला आणि लोंबत्या बोटांची मागची बाजू भिंतीला लागली.

"धरली?"

"धरली," डेल म्हणाला.

दुकानाच्या नावाची अक्षरं उपटून नेल्याच्या खुणा भिंतीवर होत्या. व्हर्नाने त्यांवर तळहात असा आपटला की झिणझिण्या आल्या.

"उद्या फळ्या ठोकणार आहेत इथे," डेल खाली बघत म्हणाला.

"किती वाजता?"

"दहाला."

"आम्ही नऊला येतो," व्हर्ना म्हणाली.