सकाळी आठचं रक्त

"ज्यांना कसलाच आजार नाही, अशी माणसं हवीत," असं वर्ध्याहून आलेल्या डॉक्टर प्रभाकररावांनी सांगितलं, तेव्हा आंजी गावचे लोक चाटच पडले. डॉक्टरला धडधाकट माणूस कशाला? ही १९८४च्या हिवाळ्यातली गोष्ट.

रूपराव मात्र पुढे सरकला. एसटीत ड्रायव्हर होता, आणि कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

डॉक्टर म्हणाले, "मनावर ताण आला की शरीरातल्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. कॉर्टिसॉल म्हणतात त्याला. तीन महिने ध्यान केलं तर तो कमी होतो का, ते बघायचंय."

"म्हंजे मनातलं रक्तात दिसते का जी?"

"तेच तर शोधायचंय."

सकाळी आठ वाजता सगळ्यांचं रक्त घेतलं. मग चिठ्ठ्या टाकल्या. रूपरावची बायको लीलाबाई ध्यानाच्या गटात गेली, रूपराव दुसऱ्या गटात. "तुम्ही रोजच्यासारखंच राहायचं. ध्यान करायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "फरक कळायला तुमचीच गरज आहे."

लीलाबाई रोज पहाटे चटईवर डोळे मिटून बसू लागली. महिन्याभरात दूध उतू गेलं तरी तिचा आवाज चढेना. रूपरावला राहवेना.

"आत काय दिसते तुले?"

"दिसत काई नाई. श्वास येते, जाते. तेच पाहत बसतो मी."

दुसऱ्याच दिवशी समुद्रपूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर तो स्टिअरिंगमागे डोळे मिटून बसला. कंडक्टरला वाटलं, डुलकी लागली. मग तो रोजचाच नेम झाला.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. हातावर कापूस दाबून धरत रूपराव एकदम म्हणाला, "साहेब, मी बेईमानी केली. मीबी ध्यान करून राह्यलो."

डॉक्टरांनी यादीतलं त्याचं नाव खोडलं. रूपराव खाली मान घालून निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "नमुना मात्र पाठवतो. आता मलाही उत्सुकता लागलीय."

नागपूरच्या प्रयोगशाळेतून आकडे आले. लीलाबाईचं कॉर्टिसॉल तेरावरून बारा झालं होतं. "एवढा फरक असाही पडतो," डॉक्टर म्हणाले. रूपरावचं चौदावरून थेट तेवीस!

"ध्यानानं वाढलं? काऊन?"

"रक्त द्यायच्या आदल्या रात्री झोप लागली होती?"

"कायची झोप! तुमाले सांगू का नको सांगू, हेच डोक्यात."

डॉक्टर खो खो हसले. रूपरावनं लगेच बाही वर केली. "मंग आता घ्या. आता काई लपवलं नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच रक्त घेतलं. या खेपेला आकडा आला अकरा. रूपराव तो कागद उलटसुलट करून बघत राहिला.

"हे ध्यानानं उतरलं, का सांगून टाकल्यानं?"

"एका माणसाच्या रक्तावरून नाही सांगता येणार. पुष्कळ माणसं लागतील."

पुढच्या सोमवारी सकाळी डॉक्टर आले, तर दारात खाकी कपड्यांतले नऊ ड्रायव्हर-कंडक्टर रांगेत उभे. सगळ्यांत पुढे रूपराव.

"सारे धडधाकट हायेत, साहेब. दोघं जरा लबाड हायेत. त्याईले ध्यानाच्याच गटात टाकजा."

डॉक्टरांनी नवी वही काढली.