तुटक रेघ

उत्तरेचे नकाशे दादाने चौतीस वर्षं काढले, आणि उत्तरेला तो एकदाही गेला नाही. डोंगर पायाखाली घालणारे मोजणीदार वेगळे. त्यांच्या वह्या कचेरीत यायच्या, आणि तिरप्या टेबलावर मान मोडून दादा त्यांवरून नद्या ओढायचा, तळी रंगवायचा, पायवाटा तुटक रेघांनी दाखवायचा. घरचे म्हणायचे, ह्याला माजघरातून मोरीकडे जायलाही नकाशा लागतो.

धाकटी बहीण नेमकी उलट. तिने उभा जन्म बस हाकली. निवृत्त झाल्यावर जुनी व्हॅन घेतली, मागे तंबू, स्टोव्ह आणि चार ब्लँकेटं टाकली आणि म्हणाली, "दादा, उत्तरेला येतोस?" तो एका शब्दात हो म्हणाला. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी तीनदा विचार करणारा माणूस. तिला नवल वाटलं, पण तिने खोदून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी झाडं बारीक होत गेली आणि आकाश मोठं. एका वळणावर हरणांचा कळप रस्त्याच्या मधोमध उभा होता, कुणाला कसली घाई नसल्यासारखा. धाकटीने इंजिन बंद केलं.

"बस असती ना, तर एव्हाना सतरा जणांनी माझा उद्धार केला असता."

"हॉर्न वाजव हवं तर."

"कशाला? त्यांचाच रस्ता आहे. आपण पाहुणे."

दुपारी पलीकडच्या उतारावर अस्वल दिसलं. झुडपातली फळं ओरबाडून खात होतं, अगदी एकाग्रतेने. धाकटीने दुर्बीण दादाच्या हातात कोंबली. "बघ, तुझ्यासारखंच जेवतंय. शेजारी कोण बसलंय याचा पत्ता नाही."

दादा हसला, पण दुर्बिणीतून त्याने पाहिलं ते खालचं लांबट तळं. ओळखीचं वळण होतं. हे वळण त्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं.

संध्याकाळी तळ्याच्या तोंडाशी तंबू ठोकला. उजेड अजून रेंगाळत होता. पाण्यावर बदकं उतरली. धाकटीने चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "आता सांग. हरणं बघायला तू आलेला नाहीस."

दादाने कप दोन्ही हातांनी धरला. बावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला त्याला फार तर चार वाक्यं लागली. मोजणीदाराच्या वहीचं एक पान भिजलं होतं. तळ्याच्या कुठल्या काठाने पायवाट जाते ते कळत नव्हतं. अशा वेळी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून वही परत पाठवायची, असा कचेरीचा रिवाज. पण तो मोजणीदार तापट होता, आणि दादाने उजव्या काठाने रेघ ओढून टाकली.

"उजव्याच का?"

"तिकडे जमीन सपाट होती. म्हटलं, सपाट म्हणजे चालायला बरी."

"आणि?"

"तळ्याकाठची सपाट जमीन म्हणजे दलदल. हे मला पुढे एका पुस्तकात वाचून कळलं. तोवर नकाशा छापून झाला होता. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं." त्याने कपात पाहिलं. "मग रोज सकाळी वर्तमानपत्र उघडताना वाटायचं, कुणीतरी तिथे जिवानिशी गेलं असेल."

 धाकटीने त्याच्या कपात उरलेला चहा ओतला. मग म्हणाली, "सकाळी जाऊन बघू. आता बिस्किट खा."

सकाळी दोघं उजव्या काठाने निघाली. दादाच्या हातात काठी, आणि प्रत्येक पावलाला तो आधी ती टेकवून बघत होता. शंभरेक पावलांवर जमीन मऊ लागली आणि तिथूनच लाकडी फळ्या सुरू झाल्या. एकापुढे एक, बोरूच्या उंच गवतातून लांबवर. पुढे एक वनरक्षक गुडघ्यांवर बसून कुजलेली फळी उचकटत होता.

"सांभाळून आजोबा, ही गेलीय. दर वर्षी दहा-बारा जातातच."

"ह्या फळ्या कशासाठी?" धाकटीने विचारलं.

"नकाशात वाट इथून दाखवलीय ना. लोक नकाशा बघून येतात आणि रुततात. शेवटी आम्हीच फळ्या टाकल्या. तो कोण नकाशेवाला होता, त्याला एकदा इथे आणून उभा करायला हवा."

धाकटी वळून बदकांकडे बघत राहिली. तिने दादासाठी वाट मोकळी ठेवली होती. तो गप्प राहिला असता तरी ती कधी काही बोलली नसती.

दादाने काठी फळीवर टेकवली. "उभाच आहे," तो म्हणाला.

वनरक्षकाला कळलं नाही.

"ती रेघ मी ओढली. पान भिजलं होतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही." आणि मग जे विचारायला तो इतक्या लांब आला होता ते. "कुणी जिवानिशी गेलं का इथे?"

वनरक्षकाने हातोडी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. वहाणा, चष्मा, हातातली काठी.

"गेलं नाही कुणी. एकजण कमरेपर्यंत रुतला होता. दोन तासांनी ओढून काढला. बूट अजून आत आहेत."

दादा फळीवरच बसला. 

"खरी वाट पलीकडच्या काठाने," वनरक्षक म्हणाला. "कोरडी, चांगली. आता तिकडे माणूस फिरकत नाही, अस्वलांचं राज्य आहे."

"मी कचेरीला कळवतो. दुरुस्ती करायला सांगतो."

"आता कसली दुरुस्ती? वाट झाली की इथे." त्याने नवी फळी उचलली. "बसलाच आहात तर हे टोक धरा. दाबून. हलू देऊ नका."

दादाने टोक धरलं. चिखल मनगटापर्यंत आला. खिळे ठोकून झाल्यावर धाकटी म्हणाली, "दादा, दुपारपर्यंत पुढच्या घाटात पोचायचं होतं ना?"

दादाने वनरक्षकाला विचारलं, "किती राहिल्या?"

"अकरा."

"मग उद्या जाऊ," दादा म्हणाला आणि पुढच्या फळीकडे सरकला.