मैत्रिणीची जागा रिकामी

"पोट दुखतंय, आई. बिल्कुल खरं."

"रोज शाळेच्या वेळेलाच कसं गं दुखतं?" स्वप्नालीनं अक्षताची रजई ओढली. "बास झालं. शुक्रवारी तुझी आजी गावाला निघालीय. जा तिच्याबरोबर, तिथंच शीक!"

आजी, म्हणजे सखुबाई, दिल्ली छावणीतल्या मुलाच्या क्वार्टरामागं मेथी खुरपत होती. माती अशी चिवट की खुरपं रडावं. वर धुकं, मेथी कुठली नि गवत कुठलं, हातानं चाचपून ठरवायचं. सुनेचं बोलणं ऐकून म्हातारीला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं? मुलगा राजवीर सीमेवर. माणदेशातल्या घरात बोलायला भिंती. नात आली तर सोनंच.

मग तिनं नातीचे सुजलेले डोळे पाहिले. हात धुतले नि म्हणाली, "ऊठ. म्याबी येते साळंत."

शाळेत आपुलकी सप्ताह चालू होता, म्हणून आपुलकीचं काम बघणाऱ्या मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. वह्यांच्या गठ्ठ्यामागं वर्गशिक्षिका विजयाबाई सापडल्या. नागपूरच्या निघाल्या.

"आजी, नव्या मुलीला आम्ही एक मैत्रीण नेमून देतो. अक्षतालाही दिली होती. पण तिच्या वडिलांची जोधपूरला बदली झाली."

"मंग?"

"जागा रिकामी आहे. मागणी वर पाठवलीय."

"मैतरणीची?"

विजयाबाईंनी पुढची वही ओढली. त्या मनानं वाईट नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या.

"आन् तवर पोर जेवती कुनासंगं?"

बाईंना माहीत नव्हतं. "मी तेव्हा वह्या तपासते, आजी. माझाच डबा घरी जाताना बसमध्ये उघडतो."

घंटा झाली. पोरांचे घोळके झाले आणि अक्षता डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागं निघाली. सखुबाईनं तिला धरलं, मैदानात जिथं जरा ऊन उतरलं होतं तिथं बसवलं. "बाई, बसा हितं."

"खाली?"

"मंग काय माळ्यावर?"

विजयाबाई इकडंतिकडं बघत बसल्या. बाई मातीत बसल्यात म्हटल्यावर अख्खा वर्ग धावत आला. सुरुची नावाच्या मुलीनं अक्षताच्या डब्यातला हिरवा ठेचा भाजी समजून तोंडभर घेतला आणि तिच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

"पागल! भाकरीसोबत खातात!" अक्षता पाण्याची बाटली घेऊन ओरडली. वर्गानं तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

पाणी पिऊन सुरुची म्हणाली, "और है?"

तेव्हापासून विजयाबाई रोज मातीत बसू लागल्या. वह्या घरी नेऊ लागल्या. ओझ्यानं खांदा दुखू लागला, तो दुखतच राहिला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे कुठल्या योजनेखाली चालतं?"

"उन्हाखाली, सर."

शुक्रवारी फाटकापाशी रिक्षा उभी राहिली. सून पिशव्या भरत होती. सखुबाईनं नातीला विचारलं, "ठेसनावर तरी येतीस न्हवं?"

"आज शाळा आहे ना आजी."

"बुडीव की एक दिस."

"नको गं. बाई एकट्या बसतील." आणि पोरगी धुक्यात पळालीसुद्धा.

मी शेजारचा, मला गप्प बसवत नाही. विचारलं, "सखुबाई, नात नाही का नेत? ठरलं होतं ना?"

"त्येचंच तर वाटुळं करून आले साळंत जाऊन," म्हातारी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून रिक्षात चढली.