एका दाराची माळ

डॉक्टरीणबाईंची काळी गाडी सकाळी नऊला आमच्या गाड्या धुऊन चमकवायच्या शेडमध्ये आली ती त्यांच्या मुलाचा हुकूम घेऊनच. "पाचपर्यंत चमकली तर ठीक," तो म्हणाला. "नाहीतर इथूनच रंगवाल्याकडे. असलं कळकट ध्यान मला दारात नकोय."

तो गेल्यावर बाईंनी डाव्या बाजूच्या बारीक सोनेरी रेघेवर बोट टेकवलं. त्यांच्या यजमानांनी ती स्वतः ब्रशने ओढलेली. मागच्या दारावर जराशी वाकडी. "इथं त्यांना शिंक आली होती," बाई म्हणाल्या. "नव्या रंगाखाली तीही जाईल."

"जाणार नाही, बाई. तुम्ही पाचला या." रंग मेलेला नव्हता, त्यावर वर्षानुवर्षांचा मळ बसला होता. हाताला ते कळतं.

माझ्या दिराने पाणी मारलं. दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. धुणं वरून खाली, चाकं सगळ्यात शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद, कारण एक खडा म्हणजे शंभर चरे. दिराच्या हातून दोन पडली.

"वहिनी, माझ्या शंभर चुका पोटात घालता आणि फडक्याची एक नाही?"

"तुमच्या चुका पुसता येतात, भाऊजी."

मग मातीची मऊ वडी ओल्या पत्र्यावर फिरवून रुतलेला मळ ओढून काढला. दुपारपर्यंत पॉलिश झालं. रेघेजवळ मशीन नेलंच नाही, बोटाला फडकं गुंडाळून केलं. राहिलं वॅक्स.

वॅक्स पातळ लावायचं आणि वाळून धुकट झालं की पुसायचं. त्यासाठी मी घड्याळ बघत नाही. रोजच्या जपाचा नेम कामातच होतो. एका दाराला वॅक्स लावलं की एक माळ. माळ संपते तोवर ते वाळतं. सोळा वर्षं यात चूक नाही.

रेघेचं मागचं दार शेवटी ठेवलं होतं. ते पुसायला घेतलं. सगळीकडे तेलकट फराटे. पुसावं तसं आणखी पसरत होतं. चार वाजून गेले होते.

"डबा जुना असेल, वहिनी."

"कालच फोडलाय."

"मग ऊन लागलं असेल."

"सावलीत उभे आहोत आपण."

मी हातातल्या माळेकडे पाहिलं आणि उमगलं. पाचच्या धास्तीने माझी जीभ धावत सुटली होती. नाम घेतलंच नव्हतं मी, नुसतं उरकलं होतं. वाळलंय का, हे कोपऱ्यात बोट ओढून बघायचं असतं. तेही सोळा वर्षांच्या भरवशावर सोडून दिलेलं. देव एक वेळ चालवून घेईल, वॅक्स नाही.

"हे दार पुन्हा," मी म्हटलं.

"अहो, साडेचार व्हायला आले!"

"म्हणजे पाच वाजायचे आहेत."

दार स्वच्छ केलं, पुन्हा पातळ हात दिला आणि माळ घेतली. दीर येरझाऱ्या घालत पुटपुटला, "देवा, वहिनींची माळ तेवढी आखूड कर रे." हसू आलं, पण मणी एकही सोडला नाही. माळ संपल्यावर कोपऱ्यात बोट ओढलं. खालून लख्ख काळा पत्रा निघाला. फडकं एकदाच फिरवावं लागलं.

पाचला बाई आल्या, पाठोपाठ मुलगा, फोनवर बोलतच. "हो, आणतोच आता रंगवायला..." मागच्या दारासमोर तो थबकला. दाराच्या लख्ख पत्र्यात तो स्वतः उभा होता, कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. त्याने ती सरळ केली. मग वाकून रेघ पाहिली. फोनवर म्हणाला, "नको. राहू द्या."

फोन खिशात टाकून त्याने विचारलं, "आई, ही इथं वाकडी का गं?"

"तू चालव," पुढचं दार उघडत बाई म्हणाल्या, "वाटेत सांगते."