उष्टा धोटा

मी मिलीतला धोटा बोलतोय. बोलतोय कसला, बोंबलतोय! मागांच्या खडखडाटात माणसाला शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, तिथे माझं कोण ऐकणार? पण आज तुम्ही सापडलात, तेव्हा ऐकूनच जा.

धोटा म्हणजे हातभर लाकूड. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी आणि कुशीला एक बारीक भोक. मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेतो तो मी. इकडून ठोका बसला की तिकडे, तिकडून बसला की इकडे. झाड होतो तेव्हा कुठल्या रानात उभा होतो, देव जाणे. मला समज आली ती वर्धा जिल्ह्यातल्या या मिलीत. कोणती मिल ते विचारू नका, भोंगा सगळ्यांचा सारखाच वाजतो.

पोटातली कांडी संपली की नवी घालतात. तिचा धागा कुशीच्या भोकातून बाहेर काढावा लागतो. कसा काढतात, ठाऊक आहे? भोकाला तोंड लावायचं आणि सुर्रकन श्वास आत ओढायचा. धागा ओठांवर येतो. त्याच्यामागून सुताचा कीस, धूळ, खळ, तेल, जे असेल ते नरड्यात जातं. पाळी संपली की दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच भोकाला तोंड लावतो. धुणं नाही की काही नाही, फार तर धोतराच्या सोग्याला घासतात. मला जन्मात कोणी पाण्यानं धुतलं नव्हतं.

माझ्या मागावर दोघे होते, पहिल्या पाळीला डोमाजी आणि दुसरीला किसनराव. डोमाजी कोष्टी, बापजाद्यांपासून मागावरचा. तोंडाचा फटकळ, पण किसनरावावर त्याचा फार जीव. आपल्या शिदोरीतली अर्धी भाकर त्याच्यासाठी मागाशेजारी ठेवून जायचा. मागखात्याच्या खिडक्या मात्र बारा महिने बंद. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असलं तरी आत वाफ सोडायचे, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. धागा तुटू नये म्हणून केवढी ती काळजी! माणूस तुटला तर दारात दुसरा उभाच असतो ना.

त्या वाफेत किसनराव खोकायला लागला. खोकायचा तेही तोंडावर हात दाबून. छातीचं दुखणं उघडं पडलं की मिल घरी बसवते, हे सगळ्यांना ठाऊक.

"काय जी किसनराव, लय खोकता?" डोमाजी विचारायचा.

"काई नाई, हवा बदलली," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता चिंधूचं सांगतो. समुद्रपूरकडचा हा गडी कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात होता. तिथे कापूस यंत्रात घालतात आणि धूळ अशी उडते की माणूस पिठाच्या चक्कीतून निघाल्यासारखा बाहेर येतो. सुट्टीच्या दिवशी त्याला जरा बरं वाटायचं. सुट्टीनंतर कामावर आला की छाती आवळून यायची, भिंतीला टेकून धापा टाकायचा. गावातल्या डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, धुळीतून नीघ, नाहीतर दम कायमचा जाईल.

निघून जाणार कुठे? त्याला मागावर यायचं होतं. त्याचा बाप गावात हातमागावर जाडंभरडं लुगडं विणायचा, तेव्हा हे काम चिंधूच्याही हातात होतं. पण मागखात्याचा उंबरठा चिंधूच्या लोकांना बंद. का? तर धोट्याला तोंड लावावं लागतं, आणि त्याच्या तोंडाचं उष्टं या लोकांच्या तोंडी कसं जायचं! देशात शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता, पण मागखात्यात कायदा कोण विचारतो?

आणि गंमत बघा. चिंधूची बायको सुलोचना त्याच मिलीत माझ्या पोटातल्या कांड्या भरायची. टोपली दाराशी आणून ठेवायची. तिच्या बोटांतून गेलेलं सूत हे सगळे खुशाल ओठांत धरायचे. जळो मेलं असलं सोवळं!

एकदा मागाचा ठोका चुकला आणि मी उडालो. धोटा उडाला की कोणाचा डोळा जातो, कोणाचं कपाळ फुटतं. नशीब, त्या दिवशी मी थेट दाराबाहेर पडलो. चिंधू तिथून कापसाचं ओझं नेत होता. त्यानं मला उचललं, पुसलं आणि दारातून डोमाजीपुढे धरलं.

"अबे, हात काऊन लावला?" डोमाजी असा ओरडला की शेजारचे माग थांबले. "ठेव खाली! ठेव!"

मग कोणीतरी गोमूत्र आणलं. मला त्यात बुचकळलं, तुळशीचं पान फिरवलं, वाळवलं. माझी जन्मातली पहिली आंघोळ ती! शुद्ध झालो म्हणे.

त्याच दिवशी दुसऱ्या पाळीला किसनरावानं मला तोंड लावलं. ओढता ओढता खोकला आला आणि माझ्या भोकाला लाल लागलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, अंगठ्यानं पुसलं, गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी डोमाजीनं तिथेच ओठ ठेवले. चिंधूच्या बोटांनी बाटलो मी, आणि किसनरावाच्या रक्तानं नाही! मला हात असते ना, तर एकेकाच्या थोबाडीत ठेवून दिली असती.

पुढे छप्पन्न सालच्या दसऱ्याला चिंधू आणि सुलोचना नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. परतला तो माणूस वेगळाच. धाप तीच होती, पण मान ताठ. तो सरळ मागखात्याच्या मास्तरांपुढे उभा राहिला.

"मले मागावर घ्या, साहेब. नाईतर काऊन घेत नाई ते तोंडानं सांगा."

"माझं काही नाही रे," मास्तर म्हणाले. "हे लोक काम बंद पाडतील."

"पाडूच!" डोमाजी पुढे आला. "आमी धोटा तोंडाले लावतो. याचं उष्टं कायले खायचं आमी?"

"मंग लावता काऊन तोंड?" चिंधू दम घेत घेत म्हणाला. "तारेच्या आकड्यानं बी धागा निघते. आकडे द्या सगळ्याइले. तुमी माहं उष्टं खाऊ नका, मी तुमचं खात नाई."

मी तर आनंदानं उडायचाच बाकी होतो. एवढीशी तार, आणि सगळ्यांच्या छात्या वाचल्या असत्या. पण मास्तर हसले.

"आकड्यानं वेळ जातो. कापड कमी निघतं. तोंड काय, देवानं फुकट दिलेलं आहे."

चिंधू परत धुळीत गेला. डोमाजी जिंकला. काय जिंकला कपाळ!

होळीच्या आत किसनराव गेला. पावसाळा संपता संपता डोमाजी खोकायला लागला, अगदी तसाच, तोंडावर हात दाबून. एक दिवस माझ्या भोकावरचं लाल त्यानं स्वतः पाहिलं. "किसन्या, सांगतलं काऊन नाई रे तू," एवढंच म्हणाला. मिलीनं त्याला घरी बसवलं. जाताना तो गाठीच्या खात्याच्या दारात थांबला.

"चिंधू, मागावर आला तर तोंड नोको लावजो, भाऊ."

भाऊ! हे आधी सुचलं असतं तर? डोमाजी दिवाळी पाहायला राहिला नाही.

आता माझ्या मागाला कोणी हात लावेना. माग धार्जिणा नाही म्हणे, माणसं खातो. कापड तर हवं. मग मास्तरांना चिंधू आठवला. विटाळ कुठे गेला, कोणास ठाऊक! सगळ्यांनी खाली मान घालून आपापले माग चालवले.

चिंधू आला तो तारेचा घडवून घेतलेला आकडा खिशात घेऊनच. किती जपून धागा काढायचा! पण शेजारचे तोंडानं ओढून पुढे निघून जायचे, आणि याचं कापड मागे पडायचं. काल मास्तरांनी बजावलं, "उद्या कापड पुरं नाही निघालं तर परवापासून परत गाठी फोडायला."

म्हणजे मरण कोणतं हवं तेवढं निवडायचं.

आत्ता पहिल्या पाळीचा भोंगा झालाय. सुलोचना टोपली ठेवून दारातच उभी आहे. माझ्या पोटातली कांडी संपली, चिंधूनं नवी घातली. आकडा भोकात घातला, धागा निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. मास्तर येऊन पाठीशी उभे राहिलेत. चिंधूनं आकडा खिशात टाकला.

अरे चिंधू, नको! मी आतून कुजलोय रे! अहो, तुम्ही नुसते काय ऐकता? धुतलेली धोतरं नेसून बसलात ते! मला हिसकून घ्या याच्या हातातून, भट्टीत घाला, याला कोणीतरी म्हणा, लागू दे वेळ!

सुलोचनानं तोंड फिरवलं.

ओठ लागले. धागा आला. माग सुरू झाला.