बेकरीच्या टेबलावरची रेघ

ऑफिसात झेरॉक्सचं मशीन एकच होतं, पण त्याच्याशी वागण्याच्या तऱ्हा दोन होत्या. ताई मूळ ड्रॉइंग काचेवर पालथं ठेवायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवायच्या, झाकण हलक्या हाताने मिटायच्या आणि मग बटण दाबायच्या. वहिनी कागदांची चळत वरच्या फीडरमध्ये सरकवून द्यायच्या आणि मशीन एकेक कागद ओढून घेईपर्यंत दुसरं काम उरकायच्या. ताईंचा फीडरवर काडीचा विश्वास नव्हता. वहिनी म्हणायच्या, ताईंच्या पद्धतीने प्रती काढायच्या तर ऑफिसात बिछाना आणून ठेवावा लागेल.

ताई म्हणजे वहिनींची थोरली नणंद. दगडी ओटे, जिन्याच्या पायऱ्या, दुकानांचे काउंटर यांची ड्रॉइंग करून देण्याचं ऑफिस घरच्याच तिघांचं होतं. ताईंचा धाकटा भाऊ जागेवर जाऊन मापं घ्यायचा. जगाचा तो भाऊ, वहिनींचे 'अहो'. त्या मापांवरून ताई ड्रॉइंग काढायच्या. प्रती, फायली, फोन आणि मशीनची देखभाल वहिनींकडे.

त्या दिवशी सकाळी ताईंनी जिन्याच्या ड्रॉइंगची एक प्रत वहिनींच्या टेबलावर आणून ठेवली.

"हे बघ. पायऱ्यांना मिशी फुटलीय."

कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक बारीक काळी रेघ गेली होती. सरळ, फूटपट्टी धरून मारावी तशी.

"ही तू आत्ता काढलेली प्रत. माझ्या ड्रॉइंगमध्ये असलं काही नाही."

"ड्रमवर ओरखडा असेल," वहिनी म्हणाल्या.

"परवाच साफ केलंस ना मशीन?"

"दर आठवड्याला करते. त्यात खंड नाही."

"मग काही काळजीच नाही," ताई म्हणाल्या. वहिनींनी त्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. अशा वाक्यांकडे लक्ष द्यायचं तर नणंदेबरोबर एका खोलीत काम करता येत नाही.

त्यांनी मशीन बंद केलं, प्लग काढला आणि आतले रूळ निवायची वाट पाहिली. कागदावर टोनर वितळवून चिकटवणारे ते रूळ चटकन निवत नाहीत, आणि एकदा बोटं भाजून घेतल्यापासून वहिनींना घाई नव्हती. मग टोनरचा डबा काढून त्यांनी आडवा धरला आणि हळूहळू डोलवला. ज्याच्यावर चित्र उमटतं तो ड्रम उचलून लगेच काळ्या कापडात गुंडाळला, कारण त्याला उजेड सोसत नाही. ड्रमच्या वरच्या अंगाला एक केसासारखी तार असते. तिच्यावरची, तार पुसणारी निळी खिट्टी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सात वेळा सरकवली. सांडलेली टोनरची पूड कोरड्या फडक्याने टिपली. ओल्या फडक्याने ती पूड सारवली जाते, हे ताईंनी मागे एकदा करून दाखवलं होतं, आणि त्याचे डाग त्यांच्या एका ओढणीवर अजून होते. वहिनींनी ते बोलून दाखवलं नाही. वाक्य हाताशी ठेवलं फक्त.

सगळं जागच्या जागी बसवून त्यांनी जिन्याचं ड्रॉइंग पुन्हा फीडरमधून घातलं. रेघ होती तिथेच.

"नवा ड्रम मागवावा लागणार."

"म्हणजे साफसफाई झाली, मिशी तशीच."

एवढ्यात फोन वाजला. बेकरीवाल्या बाईंचा होता.

"वहिनी, एक अडाण्याचा प्रश्न विचारते, हसू नका. काल तुम्ही टेबलाची प्रत पाठवलीत ना? त्यात मधोमध ही आडवी रेघ कसली?"

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मला सांधा नकोय हं. तुम्हाला आधीच सांगितलंय. सांध्यात कणीक अडकते आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी मुंग्या कामावर हजर."

"सांधा नाहीच आहे, बाई. मी बघून सांगते. पाच मिनिटांत फोन करते."

कणीक मळायला त्या बाईंना एकसंध दगडाचं लांबलचक टेबल हवं होतं. तेवढा लांब आणि निर्दोष दगड शोधण्यात त्यांचं जवळजवळ वर्ष गेलं होतं. शेवटी एका गोदामात तो एक सापडला. ज्या खाणीतून तो निघाला होता ती बंद पडली होती, त्यामुळे त्याला जोडीदार मिळायचा नव्हता. दगड कापणाऱ्या काकांच्या आवारात तो चार दिवसांपूर्वी येऊन पडला होता, आणि काका आज करवत लावणार होते.

वहिनींनी फाइलमधून टेबलाची ऑफिसची प्रत ओढून काढली. ड्रॉइंगमध्ये दगड मोठ्या आयतासारखा दाखवला होता, आणि त्या आयताला बरोबर मध्ये छेदून काळी रेघ पार गेली होती.

"ताई, मूळ ड्रॉइंग बघा. त्यात आहे?"

ताईंनी मूळ कागद काढला. त्यात रेघ नव्हती. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे तो काचेवर पालथा ठेवला, कोपरे जुळवले, बटण दाबलं. प्रत स्वच्छ आली. छपाईत खोट नव्हती. ड्रम, तार, टोनर, सकाळभर ज्यांची उलटतपासणी झाली ते सगळे निर्दोष होते. रेघ फीडरमधून जाणाऱ्या कागदालाच लागत होती.

"काकांची प्रत कशी काढलीस?" ताईंनी विचारलं.

"सगळ्या एकदम काढल्या. फीडरमधून."

बाकीच्या कुणाला ती रेघ चुकून पडलेली वाटली असती. काकांना वाटणार नव्हती. पूर्वी काका प्रत्येक ड्रॉइंगवर फोन करायचे, ही रेघ कसली, ती कसली. त्याला कंटाळून वहिनींनीच एक रीत घालून दिली होती: मापांच्या रेघा दगडाच्या बाहेर, बाणांसकट. दगडाच्या आत, काठापासून काठापर्यंत नुसती रेघ दिसली की ती करवतीची वाट, विचारायचं नाही, कापायचं. काकांना ती रीत फार आवडली होती. तेव्हापासून त्यांनी एकदाही फोन केला नव्हता.

वहिनींनी काकांना फोन लावला. वाजत राहिला. करवत चालू असली की काकांच्या कानाशी नगारा वाजवला तरी उपयोग नसायचा. नवऱ्याला लावला, कारण काल संध्याकाळी काकांच्या प्रतीचं पाकीट त्याच्याच पिशवीत दिलं होतं. तो कुठल्याशा तळघरात मापं घेत होता, फोन लागेना.

"स्कूटरची किल्ली कुठाय?" ताई उठल्याच.

ताई स्कूटरही प्रती काढल्यासारखीच चालवायच्या. मागे बसलेल्या वहिनींचा जीव टांगणीला लागला होता.

"ताई, जरा पळवा ना."

"सिग्नल लाल आहे."

"चौकात चिटपाखरू नाहीये."

"म्हणून तो हिरवा झाला का?"

सिग्नल सुटला. वहिनींच्या डोळ्यांपुढून तो दगड हलत नव्हता. बाईंना काय सांगायचं? मशीनने मारलेली रेघ? मशीन कुणाकडे आहे, असं त्यांनी विचारलं तर?

"मी आधी काचेवर ठेवून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "सरळ ड्रमच काढत बसले."

"आत्ता बोलू नकोस. मला खड्डे दिसत नाहीत."

कोपऱ्यावर वळेपर्यंत करवतीचा आवाज येत होता. त्या फाटकाशी पोचल्या आणि तो थांबला. आवारभर पांढरट चिखल, पाण्याचे ओघळ. वहिनी चप्पल हातात घेऊन धावल्या. छपराखाली करवतीच्या लोखंडी पलंगावर ओला दगड पडला होता. काकांचा एक हात करवतीच्या दांड्यावर होता. आणि दगडाचे तुकडे दोन होते.

"काका," एवढंच वहिनी म्हणाल्या.

काकांनी कानांवरचं झाकण काढलं. "अरे, दोघी? मुहूर्ताला आलात की काय?"

"कापलात?"

"कापला की."

ताई मागून आल्या. त्यांची नजर मापात मुरलेली. त्या पलंगाला वळसा घालून पलीकडे गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, नीट बघ. ही नुसती कड आहे."

दुसरा तुकडा म्हणजे हातभर रुंदीचीही नाही अशी वेडीवाकडी पट्टी होती. खाणीतून आलेला ओबडधोबड काठ काकांनी छाटला होता. राहिलेला दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होता. वहिनींनी त्याच्यावरून हात फिरवत नेला, मध्यापर्यंत, मध्याच्या पुढे, शेवटपर्यंत. मग शेजारच्या फरशांच्या थप्पीवर बसल्या. थप्पी ओली होती. त्यांना पर्वा नव्हती.

"यांना काय झालं?" काकांनी ताईंना विचारलं.

"ड्रॉइंग कुठाय तुमचं?"

खांबाला चिमट्याने कागद लावला होता. ताईंनी तो काढून उजेडाकडे धरला. आयत स्वच्छ होता. आत काही म्हणजे काही नव्हतं.

"हे कालचं पाकिटातलं?"

"छे. कालचं भिजलं म्हणे. सकाळी भाऊ हे देऊन गेले. आठलाच. मी दातच घासत होतो."

वहिनींनी मान वर केली. "काका, यात मधोमध एक रेघ असती तर?"

"तर मधोमध कापला असता," काका सहज म्हणाले. "ठरलंय ना आपलं? तुम्हीच ठरवलंत."

काकांनी माठातलं पाणी आणून दिलं. वहिनींनी एक भांडं पिऊन दुसरं मागितलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नवरा तळघरातून वर आला होता.

"अगं, किती फोन? घरी सगळं ठीक आहे ना?"

"काकांचा कागद तुम्ही बदललात?"

"हो. रागावू नकोस. पाण्याची बाटली गळली पिशवीत. पाकिटाचा लगदा झाला. म्हणून सकाळी ऑफिस उघडून मूळ ड्रॉइंगवरून दुसरी प्रत काढली."

"फीडरमधून नाही काढलीत?"

"घालणार होतो. पण तू त्याच्यावर मापाची पट्टी चिकटवलीयेस ना, ती एका बाजूने सुटली होती. आत अडकली असती तर तू मला मशीनमध्ये घातलं असतंस. म्हणून आपलं ताईसारखं काचेवर ठेवलं. का, काही चुकलं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "काहीच चुकलं नाही. जेवलात का?"

"अकरा वाजलेत."

"बरं, मग वेळेवर जेवा."

ताई हे ऐकत होत्या. नवरा-बायकोच्या बोलण्यात पडायचं नाही असा त्यांचा नेम होता. तो त्यांनी मोडला. "भिजवून आणलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळतेय त्याला. कळू देऊ नकोस. सवय लागेल."

वहिनी हसल्या आणि हसताहसताच त्यांना काहीतरी आठवलं. परवा बाईंनी टेबलाची लांबी थोडी वाढवून घेतली होती. पूर्ण ड्रॉइंग पुन्हा काढायला नको म्हणून वहिनींनी नव्या मापाची पट्टी कापून, मागे डिंक लावून, जुन्या मापावर चिकटवली होती. आणि घाईत तशीच फीडरमध्ये सोडली होती. पट्टी एका बाजूने सुटली म्हणजे तिथला डिंक दुसरीकडे कुठेतरी गेला.

"ताई, चला. कुठे लागलंय ते कळलं मला."

निघण्याआधी त्यांनी काकांशी नवा ठराव केला. यापुढे कापायच्या रेघेच्या दोन्ही टोकांना वहिनी स्वतः लाल पेन्सिलीने फुल्या मारतील. फुल्या नसलेल्या रेघेला करवत लावायची नाही, फोन करायचा.

"म्हणजे पुन्हा फोन आले," काका म्हणाले.

"येऊ द्या."

बाईंना त्यांनी फाटकातूनच फोन केला. "टेबल एकसंध आहे. आत्ता हात लावून आलेय. ती रेघ आमच्या मशीनची. तुमच्या दगडाची नाही. नवी प्रत पाठवते."

"कशाला? तो कागद मी केव्हाच ट्रेखाली घातलाय," बाई म्हणाल्या. "टेबल तेवढं पाठवा."

ऑफिसात आल्या आल्या वहिनींनी मशीनचं झाकण उघडलं. मोठी काच आरशासारखी होती; दर आठवड्याला त्यांनीच चमकवलेली. तिच्या डाव्या अंगाला बोटभर रुंदीची काचेचीच एक वेगळी पट्टी होती. फीडरमधून येणारा कागद तिच्यावरूनच सरकतो आणि तिथेच वाचला जातो. वहिनी आजवर तिला मोठ्या काचेची किनार समजत होत्या. फडकं नेहमी किनारीशी येऊन थांबायचं.

ताईंनी मोबाइलचा दिवा तिरपा धरला. मधोमध तीळभर ठिपका होता. डिंकाचा, वर काळी धूळ बसलेला.

"एवढासा?" ताई म्हणाल्या.

"कागद त्याच्यावरून सरकत जातो ना. तो हलत नाही, कागद हलतो. मग ठिपक्याची रेघ होते."

वहिनींनी स्पिरिट काचेवर न ओतता फडक्याच्या टोकाला लावलं, ठिपक्यावर दाबून धरलं आणि भिजल्यावर नखाने अलगद उचलला. काच पुसली. कागद काचेवर दाबून धरणारा वरचा पांढरा पट्टा पुसला, फीडरचे रबरी रूळ फिरवत पुसले. मग एक कोरा कागद फीडरमध्ये घालून प्रत काढली. कोरी आली. त्यांनी आणखी एक घातला.

"अगं, कोरी आहे," ताई म्हणाल्या.

"हो."

"मग परत कशाला?"

"बघायला बरं वाटतंय."

ताईंनी खुर्ची ओढली आणि त्याही शेजारी येऊन बसल्या. मशीनने तिसरा कागद आत घेतला.