चिझुरूचे पाहुणे

क्यूझोने शिंपल्यांची जाळी तळ्यातून वर ओढून होडीच्या काठाला टेकवली, तेव्हा धक्क्यावर त्याचा मेहुणा इवाओ दिसला. इवाओ इकडे कधी फिरकत नसे. वासाने त्याला मळमळायचं. आज तो टोपी हातात घेऊन उभा होता.

“दाजी, होडी लावा आधी.”

“अजून अर्धी टोपली व्हायचीय.”

“राहू दे टोपली. ताई भाजीच्या दुकानात पडली. दवाखान्यात नेलं, पण... दाजी, वर या तुम्ही.”

क्यूझोने होडी बांधली. दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली. मग वर आला.

त्याच्या बायकोच्या, चिझुरूच्या, मृत्यूनंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले आणि दुसऱ्या सकाळी मासुएचा फोन आला. मासुए म्हणजे चिझुरूची शाळेपासूनची मैत्रीण. मात्सुए शहराच्या स्टेशनमागे तिची छोटी खानावळ होती, वर उतारूंसाठी चार खोल्या. तिच्याकडे उतरलेल्या कुणाला चहाचा विधी अनुभवायचा असला की ती त्यांना क्यूझोच्या घरी धाडायची. मागच्या खोलीत चिझुरू त्यांना बसवून चहा करून द्यायची.

“भावोजी, ते पोर्तुगालचं जोडपं येतंय. आठ वर्षांपूर्वी आलेलं. चिझुरूने पत्रात लिहिलं होतं त्यांना, या, पुन्हा चहा देते म्हणून.”

“मग सांग ना त्यांना.”

“आल्यावर सांगेन मी. पण चहाला पाठवू कुठे? तिने शब्द दिलाय. तुम्ही म्हणाल तिथे पाठवते.”

“मला काय कळतं चहातलं?”

“चाळीस वर्षं प्यायलात की!”

“उभ्याने प्यायलो.”

“मग आता बसून प्या. आणि रविवारच्या आत सांगा मला.”

उभ्याने, हे खरंच होतं. दहाच्या सुमाराला तो तळ्यावरून यायचा. ओल्या पायांनी चटईवर कसं जायचं, म्हणून मागच्या दाराशीच थांबायचा. चिझुरू आतून भांडं पुढे करायची. तीन घोटांत तो ते संपवायचा, “बरं वाटलं” म्हणायचा आणि शिंपले निवडायला जायचा.

शुक्रवारी तो किल्ल्याच्या खंदकाशेजारच्या चहाघरात गेला. क्रमांकाची चिठ्ठी घेऊन पाऊण तास थांबला. बाग सुरेख होती. चहा आतल्या खोलीतून तयार होऊनच आला. तो कुणी केला ते काही दिसलं नाही. चिझुरूच्या पाहुण्यांना हे चालणार नाही, एवढं त्याला कळलं.

दुपारी तो तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात गेला. तिथे पाहुण्यांना किमोनो नेसवत होते. एक मुलगी प्रत्येक वस्तू उचलून दाखवत होती, दोन भाषांत माहिती देत होती. तिचं सगळं पाठ होतं, आणि ती गोड बोलत होती. बाहेर पडल्यावर क्यूझोला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

शनिवारी उरल्या कादोवाकीबाई. देवळामागे राहायच्या. वय पंच्याऐंशी. चिझुरू त्यांच्याकडेच शिकली होती. दार इतकं बुटकं, की क्यूझोला गुडघ्यांवर आत जावं लागलं.

“डोकं सांभाळ,” बाई म्हणाल्या. “पाय दुमडत नसतील तर लांब कर. तळ्यातला माणूस तू, चटईची सवय कुठली असणार?”

“तिने सांगितलं वाटतं सगळं.”

“तक्रार कधी केली नाही. खा ते आधी.”

चिकट तांदळाची हिरवी वडी होती. त्याने ती खाल्ली. बाईंनी बांबूच्या चमच्याने चहाची भुकटी काढली, गरम पाणी ओतलं, घुसळलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. क्यूझोने चहा संपवून भांडं खाली ठेवलं.

“बरं वाटलं,” तो म्हणाला.

बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. किटलीतलं पाणी बारीक आवाज करत होतं. क्यूझोने छताकडे पाहिलं, मग चटईकडे.

“काही चुकलं का?”

“विचार ना.”

“काय?”

“भांडं कुठलं, चमचा कुणी केला, त्याचं नाव काय. पाहुण्याने विचारल्याशिवाय आपणहून सांगायचं नसतं रे. तोवर थांबायचं.”

क्यूझोचा हात भांड्याच्या कडेवर तसाच राहिला. चिझुरू अशीच बसायची. त्याने भांडं परत दिलं की मांडीवर हात ठेवून, थोडा वेळ. तो कधी एकदा जातोय आणि दारातलं पाणी कधी पुसतेय, याची ती वाट बघतेय, असं त्याला वाटायचं. म्हणून तो घाई करायचा.

“चमच्याला नाव असतं?” त्याने विचारलं.

“असतं. याचं ‘पहिलं दव’. चिझुरूने स्वतः एक कोरला होता, त्यालाही तिने नाव दिलं होतं.”

“काय?”

“ते मला माहीत नाही. ती इथे शिकायला यायची, मी तिच्याकडे पाहुणी म्हणून कधी बसले नाही. जे बसले त्यांनी विचारलं असेल. परदेशी लोक फार विचारतात.”

घरी जाऊन त्याने मासुएला फोन केला.

“कादोवाकीबाईंकडे पाठव. मीही येतो.”

“तुम्ही? बसणार?”

“बसेन.”

रविवारी तो तिसऱ्या जागेवर बसला. पोर्तुगालची लुर्देस आणि तिचा नवरा त्याच्या आधी. चिझुरू गेल्याचं मासुएने त्यांना सकाळीच सांगितलं होतं. लुर्देसचे डोळे सुजले होते. तिला जपानी मोडकंतोडकं येत होतं. चहा झाल्यावर तिने भांड्याबद्दल विचारलं, चमच्याबद्दल विचारलं. बाईंनी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग ती क्यूझोकडे वळली.

“चिझुरूसानच्या चमच्याचं नाव तर किती छान होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला तर माहीतच आहे.”

क्यूझोने मान हलवली. हो म्हणून.

पाहुणे गुरुवारपर्यंत गावात आहेत. त्याने अजून ते नाव विचारलेलं नाही.